गोणपाटवाले साहेब

कुणाबद्दल लिहायचं तर तो माणूस आपल्याला नीट कळलेला असावा, आणि लिहिण्याचा थोडा तरी हक्क असावा. माझ्याकडे दोन्ही गोष्टी पुरेशा नाहीत. मी त्यांच्या हाताखाली एकच हंगाम काम केलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेचे पेपर आणि नोकरीचे अर्ज सोडले तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. त्यामुळे काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचीही क्षमा मागायची आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. ते पुढे येईल.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मला उन्हाळ्यापुरतं काम मिळालं. वडील एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात भट्टीवर, आई बियाणं निवडायच्या कामावर. शर्ट इन करून करायची नोकरी म्हणजे नेमकं काय, हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. हंगाम चांगला गेला तर कायम करू, असं कंपनीने सांगितलं होतं. आई ते वाक्य भेटेल त्याला सांगायची, फक्त त्यातला 'तर' गाळून.

मला भोकरदन-जाफराबादकडच्या विक्री अधिकाऱ्यांच्या जोडीला दिलं. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, अंगाने किरकोळ, मिशी बारीक कातरलेली. विक्रीतली झाडून सगळी माणसं मोटारसायकलवर फिरतात. हे एकटे स्कूटरवर. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या बुटांकडे पाहिलं.

"चालता येतं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, शाळेत असताना रोज चार किलोमीटर चालायचो.

"तसं न्हाई. समोरचा न्हाई म्हणल्यावर दुकानातून रस्त्यापर्यंत चालता येतं का? तेवढी दहा पावलं लई लांब असतात, कॉलेज."

त्या दिवसापासून माझं नाव कॉलेजच पडलं.

स्कूटर का, ते राजूरच्या अलीकडे कळलं. गाव एक किलोमीटरवर आलं की ते थांबायचे. लिंबाखाली स्कूटर लावायची, सीट उचलायची, आतून घडी घातलेला पांढरा शर्ट काढायचा. अंगातला घामट शर्ट झाडाआड बदलायचा, तोंडावर बाटलीतलं पाणी मारायचं, रुमालाने कोरडं करायचं. एक गाडीचा शर्ट, एक दुकानाचा शर्ट. मे महिन्यात दिवसातून चार वेळा हा कार्यक्रम व्हायचा. रस्त्याने जाणारी बाया-माणसं हसायची. मीही एकदा हसलो.

"घाम आलेल्या माणसाकडून कोणी घेत न्हाई," ते गुंड्या लावत म्हणाले. "त्याला गरज हाये ते दिसतं. अन् ज्याला गरज हाये त्याला लोक भाव पाडून मागतात."

स्वतःची गरज त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही पेट्रोल भरताना, हवा किती भरायची ते सांगावं तशी. मागचे दोन हंगाम टार्गेट झालं नव्हतं. एरिया मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं की हा तिसरा, यावेळी हुकलं तर घरी बसायचं. बारा वर्षं झाली होती कंपनीत. मुलगी बारावीला होती. एवढं सांगून त्यांनी टाकीचं झाकण लावलं, आणि परत कधी तो विषय काढला नाही. पण त्यानंतर त्यांचा फोन वाजला की मी आधी त्यावरचं नाव बघायचो.

फोन सारखा वाजायचा. सकाळी नऊला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला. मॅनेजरचा फोन असला की ते स्कूटर बाजूला घेऊन उतरायचे आणि उभं राहून बोलायचे. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, तरी ताठ उभे. प्रत्येक दुकानासमोर कंपनीच्या ॲपवर सेल्फी टाकावी लागे. त्यांच्या सेल्फीत नेहमी दुकानाचा अख्खा बोर्ड यायचा आणि खाली कोपऱ्यात यांचं अर्धं कपाळ. ऑफिसातून तक्रार आली. त्यांचं उत्तर होतं, "दुकान तर आलंय ना बराबर? मी थोडीच विकायला हाये."

चहाचा त्यांचा नियम उलटा होता. ऑर्डर मिळाली तर चहा घ्यायचा नाही, चटकन उठायचं. नाही मिळाली तर मात्र बसून, बशीत ओतून, सावकाश प्यायचा. ऑर्डर न मिळता तसंच उठलं तर दुकानदाराला वाटतं की हा रागावून गेला. मग पुढच्या वेळी तो दुरूनच नजर चुकवतो. त्या उन्हाळ्यात आम्ही किती चहा प्यायलो असू, यावरून काय ते समजून घ्यावं.

टेंभुर्णीचे शेठ आमचे सर्वांत मोठे डीलर. घराणं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथल्याच, बोलणं आमच्यासारखंच. ते साहेबांना समोरासमोर छळायचे.

"या गोणपाटवाले," ते गल्ल्यावरून म्हणायचे. "आज काय उगवलं?"

हे नाव त्यांना पूर्ण तालुक्याने दिलं होतं. कारण सोयाबीनचा नवा लॉट आला की कंपनीच्या लेबलवर उगवणीचा आकडा छापलेला असला तरी साहेब स्वतः चाचणी करायचे. शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट, दोन्हींची मिळून वळकटी. ती जालन्यातल्या त्यांच्या खोलीत माठाच्या तिवईखाली ठेवायची. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. पाचव्या दिवशी उघडून मोड मोजायचे. सत्तरच्या वर असेल तरच तो लॉट ते स्वतःच्या तोंडाने खात्री देऊन विकायचे. शेतकरी घरच्या बियाण्याची अशी चाचणी करतात, पण पगारी माणूस स्वतःच्याच कंपनीच्या सीलबंद पिशवीची करतो, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. ऑफिसात यावरून टिंगल चालायची.

हे का करता, असं मी विचारलं नव्हतं. त्यांनीच एकदा जाफराबादच्या रस्त्याला एका शेताकडे हात केला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी तिथल्या माणसाला बियाणं दिलं होतं, आणि ते उगवलं नाही. त्याने फोन करून बोलावून घेतलं. हे घाबरत गेले. त्या माणसाने आवाज चढवला नाही. बांधावर बसवून भाकरी-ठेचा दिला, पाणी दिलं. मग म्हणाला, चला साहेब, माल पाहून घ्या. आणि पेरलेल्या पहिल्या तासापासून, म्हणजे ओळीपासून, शेवटच्या तासापर्यंत चार एकर चालवलं. एक तासही सोडला नाही. तोंडाने एक शब्द नाही.

"शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो," साहेब म्हणाले.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो.

जूनचा पहिला आठवडा होता. आमच्या धंद्यात वर्षाची भाकरी त्या दोन आठवड्यांत भाजून घ्यावी लागते. पुढे पिशवीला कुणी हात लावत नाही. साहेबांचं टार्गेट जवळ आलं होतं. एक मोठा लॉट डीलरांकडे पोचला होता, तो उठला की त्यांची नोकरी वाचणार होती. माल दुकानात पोचला तेव्हाच त्यांनी त्याचे शंभर दाणे वळकटीत घातले होते. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने त्यांना संभाजीनगरला दोन दिवसांच्या मीटिंगला बोलावलं. ते एसटीने गेले. स्कूटर, खोलीची किल्ली आणि वळकटी माझ्या ताब्यात दिली.

"पाणी मारायचं विसरू नको," एवढंच म्हणाले.

मला विसरायची भीतीच होती. त्या दोन दिवसांत भोकरदन, टेंभुर्णी आणि जाफराबादच्या दुकानांत पत्रकं पोचवायची होती, मुक्काम टेंभुर्णीला मावशीकडे होता. खोलीवर वळकटी राहिली तर पाणी कोण मारणार? म्हणून मी ती बरोबर घेतली. सीटखालच्या डिक्कीत त्यांचा एक दुकानाचा शर्ट होता. तो भिजू नये म्हणून वळकटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, पिशवीचं तोंड बांधलं, आणि शर्टावर ठेवली. दर तीन तासांनी थांबून पाणी मारलं. सांगितलं होतं त्यापेक्षा जास्तच मारलं. पत्रकं वाटत होतो तेव्हा स्कूटर दुकानांसमोर उन्हात उभी होती. वळकटीला हात लावला की गरम लागायची. मला वाटलं, ऊब लागतेय, लवकर मोड येतील. दुसऱ्या संध्याकाळी जालन्याला येऊन मी ती परत माठाखाली ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी साहेबांनी वळकटी खोलीत जमिनीवर उघडली. आंबूस वास आला. बरेच दाणे फुगून मऊ झाले होते, बोट लावलं की साल सुटत होती. त्यांनी मोड आलेले दाणे मोजले. मग शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे परत मोजले. सदतीस.

"पाणी बराबर मारलं होतं?"

"हो साहेब."

हे खरं होतं. वळकटी कुठे ठेवली होती, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. इतक्या वर्षांत ती माठाखाली सोडून दुसरीकडे कधी राहिलीच नव्हती.

त्यांनी मॅनेजरला फोन लावला. खोलीतही उभं राहूनच बोलले. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता: गोणपाट म्हणजे काही प्रयोगशाळा नाही, लेबल आहे, माल काढा. साहेबांनी लॅबमधून फेरतपासणी मागितली. मॅनेजर म्हणाला, ती होईल तेव्हा होईल, तोवर विक्री थांबता कामा नये. फोन बंद झाला.

साहेब मोबाइल मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसले. माठातून थेंब पडत होते. शहाण्या माणसाने त्या वेळी मुकाट माल विकला असता, आणि त्यांना ते माहीत होतं. ते किती वेळ बसले, सांगता येणार नाही. चहा उकळून खाली उतरायला लागतो तेवढा असेल. तेवढा वेळ माझ्याकडे होता. साहेब, मी ती डिक्कीत ठेवली होती, एवढंच म्हणायचं होतं. पण उन्हाने असं होतं याची आपल्याला कुठे खात्री आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव गेल्याचं आदल्या दिवशीच कळलं होतं. शिफारस त्यांनीच केली होती. आईने गल्लीत साखर वाटली होती.

त्यांनी पहिला फोन टेंभुर्णीच्या शेठना लावला.

"शेठ, त्या लॉटच्या पिशव्या शटरच्या आत घ्या. कोणाला देऊ नका."

शेठना वाटलं, गंमत करताहेत. मग आवाज चढला. "अहो, दुकानात गर्दी हाये, माणसं पिशवी मागून राह्यली, अन् तुम्ही म्हणता देऊ नका? मंग त्यांना काय देऊ, पत्रकं?"

"दुसऱ्या कंपनीचं द्या."

"डोकं ठिकाणावर हाये का साहेब तुमचं? तुमचाच माल हाये तो."

"माझा हाये म्हणूनच म्हणून राह्यलो."

असे त्यांनी अकरा फोन केले. यादीतल्या एकेका नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. मी समोर बसून होतो. अकराव्या टिंबानंतर पेन्सिल खिशाला लावली आणि म्हणाले, "चल कॉलेज, चहा घेऊ." ऑर्डर न मिळाल्यावर घेतात तसा, सावकाश घेतला.

चार दिवसांत पेरणीआधीच्या खरेदीची घाई उरकली. डीलरांनी हाताला लागेल तो दुसरा माल विकला. पाचव्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला. उगवण चौऱ्याऐंशी.

त्याच दुपारी जालन्याबाहेरच्या कंपनीच्या ऑफिसात बोलावणं आलं. वाटेत साहेबांनी नेहमीसारखी स्कूटर लिंबाखाली लावली, सीट उचलली आणि दुकानाचा शर्ट काढला. संभाजीनगरला त्यांनी दुसरा शर्ट नेला होता. त्यानंतर दुकानांत जाणंच झालं नव्हतं, त्यामुळे हा तेव्हापासून डिक्कीतच होता. शर्टाच्या पाठीवर ओलाव्याचा पिवळट डाग वाळलेला होता, कॉलरला गोणपाटाचे दोन-तीन धागे चिकटले होते. त्यांनी ते एकेक करून चिमटीने काढले. डागाच्या जागेवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी उघड्या डिक्कीत हात घातला आणि तळाला तळवा टेकून क्षणभर ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. माझ्याकडे पाहिलं नाही. शर्ट अंगात घातला, गुंड्या लावल्या आणि म्हणाले, "बस मागं."

मी मागे बसून त्यांच्या पाठीवरच्या त्या डागाकडे बघत होतो.

ऑफिसात एरिया मॅनेजर, लॅबवाले आणि वरचे एक साहेब असे तिघं होते. मला दाराजवळ खुर्ची दिली. मॅनेजरने रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं की भर हंगामात कंपनीचा चांगला लॉट बंद पाडणारी ही चाचणी केली कुणी? सोबत कोण होतं? वळकटी कुणी सांभाळली?

साहेब उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नव्हते.

"चाचणी माझी हाये," ते म्हणाले.

"पोरगं काय करत होतं?" मॅनेजरने माझ्याकडे हात केला.

"ते पत्रकं वाटत होतं. त्यानं काम बराबर केलंय."

मी उठलो का? नाही. तोंड उघडलं का? तेही नाही. वरच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. राजीनामा लिहून द्या म्हणजे पुढे अडचण येणार नाही, असं सांगितलं. साहेबांनी उभ्यानेच, टेबलावर वाकून लिहिलं. सही करून पेनाचं टोपण लावलं. दारातून बाहेर पडताना ते माझ्या खुर्चीपाशी थांबले असं मला वाटलं. पण ते फक्त दार ओढून घेत होते. काचेतून मी त्यांना रस्त्यापर्यंत चालत जाताना पाहिलं.

मला जुलैत पत्र मिळालं. पुढे त्यांचाच भाग मिळाला.

आईला वाटलं, मी खूश नाही कारण काम अवघड आहे. काम अवघड आहेच. रोज माणसांच्या दारात जायचं, त्यांनी नको म्हणायचं, आपण हसायचं, आणि सहा वाजता फोनवर त्याचा हिशेब द्यायचा. माझ्या बरोबरची चार मुलं दोन वर्षांत सोडून गेली. पण मला जे जड जात होतं ते हे नव्हतं. पुढच्या जूनमध्ये मी एकाच पिशवीतल्या दाण्यांच्या दोन वळकट्या केल्या. एक माठाखाली ठेवली, दुसरी प्लास्टिकमध्ये बांधून दोन दिवस गाडीच्या डिक्कीत. पाचव्या दिवशी उघडल्या. माठाखालची एक्क्याऐंशी, डिक्कीतली चौतीस. खात्री नव्हती म्हणून गप्प बसलो, एवढा एक आधार होता. तोही गेला.

मी त्यांना फोन लावले. नंबर बंद होता. खोलीवर दुसरे भाडेकरू होते. कुणी म्हणे हिंगोलीकडे गेले, कुणी म्हणे खतांच्या कंपनीत लागले. मला सापडले असते तर मी सांगितलं असतं, असं मी म्हणतो. पण डीलरांकडे मी त्यांची चौकशी नेहमी उठता उठता, दारातूनच करायचो, हेही खरं आहे.

बातमी मागच्या महिन्यात आली, तीही टेंभुर्णीच्या शेठकडून. शेठ कुठल्याशा लग्नाला मेहकरच्या बाजूला गेले होते. वाटेत एका खेड्यात पाणी घ्यायला थांबले, तर समोर पत्र्याचं छोटं कृषी सेवा केंद्र, आणि दुकानात आमचे साहेब. शेठनी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. या फोटोत त्यांचा पूर्ण चेहरा आहे. मिशी पांढरी झालीय. अंगातला शर्ट घामाने ओला आहे, आणि ते तसेच गिऱ्हाइकासमोर उभे राहून हसताहेत. शेठनी लिहिलं होतं की बरं चाललंय, पोरगी नर्सिंगला आहे, सगळं गाव यांच्याकडूनच बियाणं नेतं. माझी विचारपूस केली म्हणे. कॉलेजने डिग्री पूर्ण केली का, एवढंच विचारलं.

फोटो मोठा करून पाहिला. त्यांच्या मागच्या भिंतीवर पुठ्ठ्याची पाटी आहे, त्यांच्याच ठसठशीत अक्षरातली. पेरणीआधी घरी चाचणी कशी करावी, त्याच्या सूचना. शंभर दाणे मोजून घ्यावेत. गोणपाट दोन्ही बाजूंनी ओलं करावं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं. वळकटी सावलीत, माठाखाली ठेवावी. आणि सगळ्यात खाली लाल शाईने, दोन रेघा मारून: वळकटी प्लास्टिकमध्ये बांधून गाडीच्या डिक्कीत ठेवू नये.

फोटोखाली शेठचा मेसेज होता.

"सगळं बराबर हाये, पण हे शेवटचं कायले लिहिलं आसन? डिक्कीत कोन ठेवतंय?"

मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मग पाठवलं.

"मी ठेवली होती, शेठ."